नंदी कोणाचा?
बालवाडीतील खेळ आणि शिक्षकाचे मागे सरणे

सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले जुन्या किल्ल्याचे गाव. हा सारा मुलूख धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा. या झाडीपट्टीत, आणि एकूणच पूर्व विदर्भात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी मोठ्यांचे बैल पुजले जातात. दुसरा दिवस मुलांचा. लाकडी नंदीला दोरी बांधायची, चाके असली तर ओढत, नसली तर काखेत मारून तो घरोघर न्यायचा आणि बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे नंदी आणणाऱ्या मुलाला मिळणारा खाऊ किंवा पैसे. काल मोठ्यांनी जे केले ते आज मूल आपल्या मापाने करून पाहते. अनुकरणातून उभ्या राहणाऱ्या खेळाचे इतके चांगले उदाहरण शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही.

अलीकडे अनेक ठिकाणी या दिवशी नंदी सजावटीच्या आणि वेशभूषेच्या स्पर्धा होतात. अशा स्पर्धेतला सर्वांत देखणा नंदी बहुधा मोठ्या माणसांनी सजवलेला असतो, आणि मूल त्याच्या शेजारी न हलता उभे असते, कारण हलले तर झूल विस्कटेल. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. आईवडिलांना कौतुक असते, आयोजकांना उत्साह असतो. तरीही खेळ मुलाच्या हातून निसटून मोठ्यांच्या हाती गेलेला असतो.

असेच बालवाडीत आणि अंगणवाडीत रोज, लहान प्रमाणात घडते का, आणि मुलांच्या खेळातून शिक्षकाने केव्हा मागे सरावे, हा या लेखाचा विषय आहे. सध्याच्या अधिकृत शैक्षणिक विचाराने या प्रश्नाला काय उत्तर दिले आहे आणि ते कितपत पुरेसे आहे, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

आराखड्याने काय दिले

पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २० ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. शाळेपूर्वीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी, म्हणजे तीन ते आठ वर्षांचे वय, त्याने एका स्तरात बांधले आणि या स्तराच्या केंद्रस्थानी खेळ ठेवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी आली. मे २०२३ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. पाटी-पेन्सिल देऊन तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला बसवू नये, ही गोष्ट आता सरकारी कागदावर स्वच्छ लिहिलेली आहे. हे यश लहान नाही. बालशिक्षणाच्या चळवळीने त्यासाठी कितीतरी दशके खर्च केली आहेत.

आराखडा खेळाचे तीन प्रकार सांगतो. मुक्त खेळ: मूलच तो सुरू करते आणि चालवते. मार्गदर्शित खेळ: पुढाकार मुलाचा, शिक्षकाचा आधार. रचित खेळ: शिक्षक चालवतो, मुले भाग घेतात. वर्गीकरण उपयोगी आहे आणि त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ते व्यवहारात ज्या प्रकारे उतरते त्यावर. आराखड्यात दिवसाच्या वेळापत्रकाचे नमुने आहेत. हे नमुने आणि वर्गीकरण एकत्र वाचले की शिक्षकाच्या मनात सहज असा अर्थ तयार होतो: सकाळी इतकी मिनिटे मुक्त खेळ, मग इतकी मिनिटे रचित खेळ. खेळाचा प्रकार हा तासिकेचा प्रकार होऊन बसतो.

प्रत्यक्षात पुढाकार दर दोन मिनिटांनी हात बदलतो. मुक्त खेळाच्या वेळेत सेविकाताई एकच प्रश्न विचारतात आणि सगळी मुले त्यांच्याकडे पाहू लागतात. उलट रचित खेळात एखादे मूल नियम बाजूला ठेवून भलतेच काही शोधू लागते. शिक्षकाला खरी गरज असते ती या घटकेला आत जावे की बाहेर राहावे हे ओळखण्याची. त्यासाठी वेळापत्रक उपयोगी पडत नाही. दुसरी अडचण अशी की आराखड्यात उद्दिष्टे, क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती यांची मोठी मांडणी आहे. प्रत्येक खेळातून एखादी निष्पत्ती दाखवायची म्हटले की शिक्षकाची नजर मुलावरून निष्पत्तीकडे वळते, आणि ती दिसत नसली की हात आपोआप पुढे जातो.

दाखवण्याची किंमत

हात पुढे गेल्याने काय बिघडते? २०११ साली अमेरिकेत एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी एक खेळणे तयार केले. त्यात चार गमती दडवल्या होत्या: एक नळी ओढली की ‘चीं’ आवाज येई, एका ठिकाणी दिवा लागे, एका ठिकाणी सूर वाजत आणि एका ठिकाणी आरसा होता. मुलांच्या एका गटाला मोठ्या माणसाने ‘हे कसे चालते ते मी तुला दाखवते’ असे सांगून फक्त नळीचा आवाज करून दाखवला. दुसऱ्या गटासमोर तोच आवाज जणू चुकून झाला असे भासवले. तिसऱ्या गटात दाखवणारी व्यक्ती मध्येच थांबून निघून गेली. चौथ्या गटाला काहीच दाखवले नाही. मग प्रत्येक मुलाला खेळायला मोकळे सोडले.

ज्यांना रीतसर शिकवले होते ती मुले इतरांपेक्षा कमी वेळ खेळली आणि उरलेल्या गमती त्यांना कमी सापडल्या. ती नळीच ओढत राहिली. यातून ती मुले मंद ठरत नाहीत. उलट त्यांचे अनुमान तर्काला धरूनच होते: ‘या बाईंना हे खेळणे पूर्ण माहीत आहे, आणि त्यांनी एकच गोष्ट दाखवली, म्हणजे यात एकच गोष्ट असणार.’ दाखवलेली गोष्ट मूल पटकन शिकते, आणि न दाखवलेली शोधणे थांबवते. शिक्षकाचे ज्ञान जितके मोठे वाटेल तितकी त्याच्या मौनालाही किंमत येते. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की शिकवणे मध्येच तुटले, तेव्हा शोध फारसा आटला नाही. ‘एवढेच आहे’ हा संदेश पूर्ण न झाल्याने मुलाला पुढे पाहण्यास वाव राहिला.

दुसरा प्रयोग बक्षिसाचा. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत, ज्यांना चित्रे काढणे मुळातच आवडत होते अशी तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, ‘चित्र काढलेस तर तुला प्रशस्तिपत्र मिळेल.’ काहींना चित्र काढून झाल्यावर ते अनपेक्षितपणे दिले, आणि काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात ठेवले गेले. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अनपेक्षित प्रशस्तिपत्राने असा परिणाम झाला नाही. म्हणजे कौतुकाने खेळ बिघडतो असे नाही. खेळाचा सौदा केला की बिघडतो. घराच्या दारात अवचित हातावर पडलेला बोजारा आणि आधीच जाहीर केलेले स्पर्धेचे पहिले बक्षीस, यांत हाच फरक आहे.

दुसरी बाजूही पाहू

येथवर वाचून ‘मग मुलांना खेळू द्यावे, आपण मध्ये पडूच नये’ असे वाटेल. पण पुरावा त्या बाजूलाही सरळ जात नाही. २०१३ साली केली फिशर आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या ७० मुलांना भौमितिक आकार तीन पद्धतींनी शिकण्याची संधी दिली. एका गटाला मोठ्यांनी सर्व सांगितले. दुसऱ्याला साहित्य देऊन मोकळे सोडले. तिसऱ्यात मोठी व्यक्ती खेळात सामील झाली, प्रश्न विचारत राहिली, पण आकाराचे ‘गुपित’ मुलांनीच शोधायचे होते. नंतर तिरपे, लांबुडके, ओळखायला अवघड त्रिकोण दाखवले तेव्हा तिसरा गट दोन्हींपेक्षा पुढे होता. २०११ मध्ये लुई अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी १६४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातही असेच दिसले की कोणताही आधार नसलेला शोध शिकण्याच्या दृष्टीने थेट शिकवण्यापेक्षा मागे पडतो, तर आधार असलेला शोध पुढे जातो.

खेळाच्या समर्थकांनी, म्हणजे आपणही, आणखी एका गोष्टीची जाणीव ठेवली पाहिजे. १९७६ मध्ये कॅथी सिल्व्हा, जेरोम ब्रूनर आणि पॉल जेनोव्हा यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काठ्या आणि चिमट्यांशी नुसती खेळलेली मुले, त्या काठ्या जोडून दूरच्या पेटीतला खडू काढण्याच्या कामात, ज्यांना जोडणी करून दाखवली होती त्यांच्याइतकीच यशस्वी ठरली. हा प्रयोग खेळाच्या बाजूने वारंवार सांगितला जातो. पण १९८३ मध्ये टी. सायमन आणि पीटर स्मिथ यांनी, कोणते मूल कोणत्या गटातले हे परीक्षकाला कळणार नाही अशी काळजी घेऊन तशीच तपासणी केली, तेव्हा खेळाचा हा फायदा दिसेनासा झाला. पहिल्या वेळी परीक्षकाच्या नकळत त्याची अपेक्षाच निकालात उतरली असावी. २०१३ मध्ये अँजेलिन लिलर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘जणू काही’ स्वरूपाच्या खेळावरचे संशोधन तपासले आणि त्यातून बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते हे ठामपणे सिद्ध झालेले नाही असाच निष्कर्ष काढला.

संशोधनात काम करणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटू नये. जे आपल्याला प्रिय आहे त्याचा पुरावा अधिक कडकपणे तपासावा लागतो. ‘खेळातूनच सर्व शिक्षण होते’ हे घोषवाक्य म्हणून ठीक आहे. विज्ञानाचे विधान म्हणून ते अजून सैल आहे. आराखड्याच्या प्रशिक्षणात शिक्षकांना ही दुसरी बाजूही सांगितली गेली पाहिजे. नाहीतर खेळाकडून जादूची अपेक्षा ठेवली जाईल आणि ती पुरी झाली नाही की पुन्हा पाटी-पेन्सिल येईल.

मग केव्हा?

दोन्ही बाजूंचे प्रयोग शेजारी ठेवले तर त्यांत विरोध उरत नाही. सर्वांत एक धागा आहे: प्रश्न कोणाच्या हातात आहे? नळी दाखवणाऱ्याने प्रश्नच मिटवला. मोकळ्या सोडलेल्या मुलांपुढे आकारांचा प्रश्न उभाच राहिला नाही. तिसऱ्या गटात मोठ्यांनी प्रश्न जागा केला आणि तो मुलांच्या हातात ठेवला. यावरून आम्हांला सुचणारी कसोटी साधी आहे. मुलाच्या हातात स्वतःचा प्रश्न जिवंत आहे तोवर शिक्षकाने बाहेर राहावे. तो विझला असेल तर आत जावे, आणि तो पुन्हा पेटताच बाहेर यावे.

प्रश्न जिवंत आहे हे कसे ओळखायचे? समजा, सानगडीसारख्या गावातल्या अंगणवाडीच्या अंगणात पाऊस पडून गेला आहे आणि चार वर्षांची मुलगी चिखलाची पाळ घालून पाणी अडवते आहे. पाळ फुटते. ती पुन्हा घालते, या वेळी रुंद. पुन्हा फुटते. ती गवत टाकते. बाहेरून पाहणाऱ्याला ती ‘तेच तेच’ करते आहे असे वाटेल. पण प्रत्येक खेपेला काहीतरी थोडे बदलते आहे. तलाव बांधणाऱ्यांपुढे जो प्रश्न होता तोच तिच्यापुढे आहे: पाणी अडवायचे की त्याला वाट द्यायची? या क्षणी ‘अगं, बाजूने सांडवा काढ’ असे सांगणे म्हणजे तिच्या हातातला प्रश्न काढून घेणे. मारिया मॉन्टेसरींनी रोममध्ये १९०७ साली सुरू केलेल्या आपल्या बालगृहातल्या एका तीन वर्षांच्या मुलीची हकिकत नोंदवली आहे. लाकडी दट्ट्या त्यांच्या खाचांत बसवण्यात ती इतकी गढली होती की तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली तरी ती थांबली नाही, आणि चाळीसहून अधिक वेळा तीच कृती करून मगच समाधानाने उठली. असे गढलेपण दिसले की शिक्षकाचे काम गप्प बसण्याचे.

आता उलट खुणा. कृती तीच राहते पण बदल थांबतो. नजर इकडेतिकडे फिरू लागते. हातातली वस्तू फेकली जाते. किंवा मूल सरळ आपल्याकडे पाहते. अशा वेळी आत जावे. शक्यतो शब्दाऐवजी एखादी वस्तू न्यावी. पाळ घालणाऱ्या मुलीजवळ बांबूची एक पोकळ नळी नुसती ठेवून पाहावी. प्रश्न विचारायचाच तर ज्याचे उत्तर आपल्यालाही पाहून कळणार आहे असा विचारावा. ‘हा कोणता रंग?’ ही परीक्षा झाली. ‘हे पाणी आता कुठून जाईल?’ हा प्रश्न झाला.

डेव्हिड वुड, ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मदत करून अशा आधाराचा अभ्यास केला. मदत देणाऱ्या व्यक्तीला सूचना होती की मुलाला जेवढे स्वतः करता येईल तेवढे करू द्यायचे. तीन वर्षांच्या मुलांना कामात गुंतवून ठेवावे लागले. पाच वर्षांच्यांना बरेचदा ‘बरोबर जमते आहे’ एवढेच सांगणे पुरले. या आधाराला त्यांनी बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. परांची इमारतीचा भाग नसते. भिंत उभी राहिली की ती उतरवायची असते. आपल्याकडे आधार द्यावा हे पुष्कळ सांगितले जाते. तो कधी काढावा हे फार कमी सांगितले जाते.

काही प्रसंगी मात्र कसोटी लावत बसायचे नसते. तलावांच्या मुलखात पाण्याजवळच्या खेळात सुरक्षितता आधी. तसेच खेळ नेहमी निष्पाप नसतो. गावातली जात, पैसा आणि मुलगा-मुलगी हा भेद खेळातही उतरतो. ठोकळे मुलांकडे आणि भातुकली मुलींकडे जाते. एखाद्या वस्तीवरचे मूल रोज कडेला उभे राहते. व्हिव्हियन पेली या अमेरिकन बालशिक्षिका मुलांच्या खेळातल्या गोष्टी ऐकण्यासाठी आणि त्यात कमीत कमी ढवळाढवळ करण्यासाठी प्रसिद्ध होत्या. पण त्यांनीच आपल्या वर्गात असा नियम आणला की कोणाला खेळात घेणार नाही असे म्हणता येणार नाही, आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. मागे सरण्याची कला ज्यांना येते त्यांनाच पुढे केव्हा जायचे हेही कळते.

मागे सरणे आणि दुसरीकडे असणे

एक अडचण आराखड्यात पुरेशी दिसत नाही. सेविकाताईंकडे मुले असतात, पोषण आहार असतो, वजन-उंचीच्या नोंदी असतात आणि त्या मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायच्या असतात. अशा वेळी ‘मुक्त खेळ’ म्हणजे नोंदी भरण्याची मोकळी वेळ ठरण्याची भीती असते. त्यात सेविकेचा दोष नाही. कामांची वाटणीच तशी आहे. पण नोंदवहीत डोके घातलेला शिक्षक मागे सरलेला नसतो, तो दुसरीकडे असतो. मागे सरलेला शिक्षक पाहत असतो. पाहणे हे काम आहे आणि त्याला वेळ लागतो, ही गोष्ट वेळापत्रक करणाऱ्यांनी मान्य केली पाहिजे.

साहित्याचेही तसेच. पिटारा कितीही सुंदर असला तरी ‘खराब होईल’ या भीतीने तो कपाटात राहिला तर निरुपयोगी. महाराष्ट्राला या बाबतीत बाहेर पाहण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम केले तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने वापरली. मुले शाळेत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. या कामाचे मोल साधने स्वस्त होती एवढ्यापुरते नाही. मूल आधीच ज्यात गुंतले आहे तेथे शिक्षकाने जायचे, अशी ती दिशा होती. खडा फुटला तरी चालतो, म्हणून तो मुलाच्या हातात निर्धास्तपणे देता येतो.

पालकांचा दबाव खरा आहे. शेजारच्या इंग्रजी शाळेतले पोर ए-बी-सी-डी लिहिते, आमचे नुसते चिखलात खेळते, ही तक्रार खेड्यापाड्यांतूनही ऐकू येते. आपल्या मुलाची संधी हुकेल ही त्या आईची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला ‘खेळातून सर्व येते’ असे सांगून पटणार नाही, आणि वर पाहिल्याप्रमाणे ते पुरते खरेही नाही. तिला तिच्या मुलीने पाळ किती वेळा घातली, प्रत्येक वेळी काय बदलले आणि शेवटी पाणी कसे थांबले हे सांगता आले, तर ती ऐकेल. पण ते सांगण्यासाठी शिक्षकाने ते पाहिलेले असले पाहिजे.

म्हणून शिक्षक वाचकांना आमची एक सूचना आहे. आठवड्यातून एकदा, फक्त दहा मिनिटे, एकाच मुलाकडे पाहावे. बोलू नये, वही जवळ असावी. मुलाने काय केले, पुन्हा केले तेव्हा काय बदलले, आपल्याला मध्ये बोलावेसे केव्हा वाटले आणि न बोलल्यामुळे पुढे काय झाले, एवढे लिहावे. महिन्याभरात चार नोंदी होतील. पायाभूत स्तराच्या प्रशिक्षणात आराखड्याच्या प्रतीबरोबर अशा चार-चार नोंदी वाचल्या गेल्या, तर केव्हा मागे सरावे या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांच्याच अनुभवातून तयार होऊ लागेल.